समुद्र शांत आहे, हे ओळखायचं कसं?

फेब्रुवारी संपत आला की जरीपटका, इंदोरा, कपिलनगर, नारा या भागातल्या विहारांच्या फलकावर महाडच्या बसची सूचना लागते. २० मार्चला चवदार तळ्यावर अभिवादन करायचं. मग मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याला जायचं, ते बाबासाहेबांचं मूळ गाव. तिथून दापोलीजवळचं वणंद, माता रमाईचं माहेर. इतक्या दूर आलोच आहोत तर लेकरांना समुद्र दाखवून आणू, असं बसमध्ये कुणीतरी म्हणतंच, आणि गाडी हरिहरेश्वर, हर्णै किंवा मुरूडकडे वळते.

नागपूरहून समुद्र आठशे किलोमीटरवर. आपल्यातल्या कितीतरी आयाबायांनी तो पहिल्यांदा अशाच सहलीत पाहिलेला असतो. तो आनंद कुणी हिरावून घेऊ नये. पण गाडी थांबल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. पोरं कपड्यांसकट पाण्यात धावतात. तरुण मुलं खडकाच्या टोकावर फोटोला उभी राहतात. बाया हाताला हात धरून कमरेएवढ्या पाण्यात जातात. "समुद्र तर शांतच आहे," असं सगळे म्हणतात. तो खरंच शांत आहे का, हे पाहायचं कसं, एवढंच या वेळच्या आरोग्य पानावर सांगायचं आहे.

शांत हंगामातले मृत्यू

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या गटातले ८ जण गेले. फेब्रुवारी आणि एप्रिल. पावसाळा नाही, वादळ नाही. ज्या महिन्यांना आपण शांत हंगाम म्हणतो, त्याच महिन्यांत हे झालं. आपल्या सहलीही त्याच महिन्यांत निघतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. त्यात लहान मुलांचं आणि तरुणांचं प्रमाण मोठं आहे.

आम्ही वॉर्डात काम करत होतो तेव्हा नदीत आणि तलावात बुडालेली पोरं येत. बहुतेक पंधरा ते पंचवीस वयाची. एका आईचा प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. "त्याले पोहता येत होतं ना बाई, मग गेला कसा?" नदीच्या बाबतीत तिला द्यायला उत्तर होतं, डोहाचं आणि वाळू उपसून झालेल्या खड्ड्याचं. समुद्राच्या बाबतीत उत्तर वेगळं आहे, आणि आपल्याकडे ते कुणी सांगत नाही, कारण आपल्याकडे समुद्रच नाही.

कन्हान वेगळी, समुद्र वेगळा

कन्हानचं पाणी एकाच दिशेनं वाहतं. काठावर उभं राहिलं की धार कुठे, डोह कुठे, हे गावातल्या पोराला कळतं. समुद्राचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. सकाळी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे दुपारी डोक्यावरून पाणी असतं. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, म्हणून नदीत पोहणाऱ्या पोराला वाटतं की इथे तर सोपं आहे. तो आत जातो. जाताना पाणी त्याला नेतं, तेव्हा दम लागत नाही. परत येताना तेच पाणी समोरून येतं.

म्हणून समुद्रात उतरण्याआधी चार हिशोब करायचे. चंद्राचा, वाऱ्याचा, लाटेचा आणि खडकाचा. चारपैकी एकाचं जरी उत्तर वाईट आलं तरी त्या दिवशी वाळूत बसून समुद्र पाहायचा.

पहिला हिशोब चंद्राचा

चंद्र आणि सूर्य समुद्राचं पाणी ओढतात, त्यातून भरती-ओहोटी होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. म्हणजे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. भरतीनंतर सहा तासांच्या थोडं पुढे ओहोटी पूर्ण होते.

पौर्णिमा आणि अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात. पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींच्या आड येते. पाणी कमी चढतं, कमी उतरतं. याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ त्यातल्या त्यात कमी असते. उधाणाचा आणि भांगाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो.

हे लक्षात ठेवणं आपल्याला सोपं आहे. ज्या पौर्णिमेला आपण पांढरी वस्त्रं घालून विहारात जातो, तो समुद्राच्या उधाणाचा दिवस. अष्टमीही आपल्या उपोसथाचीच तिथी आहे, तो भांगाचा दिवस. मुहूर्त पाहण्यासाठी आपण पंचांग उघडत नाही, आणि उघडूही नये. पण तिथी म्हणजे चंद्र आज किती वाढला किंवा किती उतरला, एवढाच अर्थ घेतला तर ते खगोलशास्त्र आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती छापलेली असते.

कोकणातले मच्छीमार भरतीची वेळ काढायला एक जुना हिशोब वापरतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. तो सकाळचा आणि रात्रीचा, दोन्हींचा समजायचा.

अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा. सकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी पूर्ण, संध्याकाळी साडेसहाकडे पुन्हा भरती. दशमी असेल तर साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. नेमकी वेळ गावातल्या मच्छीमाराला तोंडपाठ असते, मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातही मिळते. दोन्ही विचारून घ्यावं.

आता वेळ कशी निवडायची? भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगानं हलत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात हळू हलतं. मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात हलतं, एकूण चढ-उताराचा निम्मा भाग याच दोन तासांत होतो. ओहोटीचे हे मधले दोन तास पाण्यात असू नये. पाणी बाहेर खेचलं जात असतं आणि तुम्ही त्याच्यासोबत. भरती पूर्ण होण्याआधीचा तास त्या मानाने बरा, कारण पाणी किनाऱ्याकडे येत असतं आणि त्याचा वेगही मंदावलेला असतो.

दुसरा हिशोब वाऱ्याचा

खारे वारे आणि मतलई वारे शाळेच्या भूगोलात असतात. पाठ करून गुण मिळवले आणि विसरून गेलो. समुद्रावर गेल्यावर तोच धडा जीव वाचवतो.

रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उबदार राहतो. म्हणून रात्रीपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो. हे मतलई वारे. यावेळी पाण्यावर सहसा मोठ्या लाटा नसतात. दुपारी जमीन तापली की वारा उलट फिरतो आणि समुद्राकडून जमिनीकडे जोरात येतो. हे खारे वारे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत दुपारचा हा वारा चांगलाच जोर धरतो, पाणी खवळतं, लाटांची टोकं पांढरी होतात. म्हणजे पाण्यात जायचं तर सकाळी, वारा फिरण्याआधी. आपल्या बसगाड्या बहुतेक दुपारी जेवण करून किनाऱ्यावर पोचतात. हे वेळापत्रकच बदलायला हवं.

सकाळच्या वाऱ्यातही एक धोका आहे. हवा भरलेली ट्यूब किंवा रबरी खेळणी घेऊन लेकरू पाण्यात असेल तर मतलई वारा ते अलगद आत नेतो. पाणी संथ असतं, कुणाच्या लक्षात येत नाही. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा किंवा भोपळा बांधतात, ते विहिरीला चार भिंती असतात म्हणून. समुद्रात ट्यूबवर विसंबून राहू नये.

चंद्र आणि वारा, दोन्ही एकत्र धरून एक उदाहरण पाहू. दशमी म्हटलं की आपल्याला अशोक विजयादशमी आठवते. ही तिथी महिन्यातून दोनदा येते. त्या दिवशी भांगाचा परिणाम असतो, भरती सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण होते आणि दुपारचा वारा अजून सुटलेला नसतो. म्हणजे सकाळी साडेसहा ते साडेसात ही पाहण्यासारखी वेळ. पाहण्यासारखी म्हणतो, कारण अजून दोन हिशोब बाकी आहेत.

जून ते सप्टेंबर यातलं काहीच मोजायचं नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात कोकणचा समुद्र पोहण्यासाठी बंद समजायचा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही सरकारची बंदी असते. ज्यांचा जन्म होडीत गेला ते जिथे जात नाहीत, तिथे आपण जाऊ नये.

तिसरा हिशोब लाटेचा

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच पाण्यात जायचं नाही. वीस मिनिटं घड्याळ लावून उभं राहायचं. लाटा गटागटानं येतात. बराच वेळ लहान लाटा येतात, मग तीन-चार मोठ्या एकापाठोपाठ येतात. पाच मिनिटं पाहणाऱ्याला लहानच दिसतात आणि तो म्हणतो, शांत आहे.

या वीस मिनिटांत एका लाटेपासून दुसऱ्या लाटेपर्यंत किती सेकंद जातात ते मोजा. पाच-सहा सेकंद असतील तर त्या जवळपासच्या वाऱ्यानं उठलेल्या लाटा आहेत. बारा-पंधरा सेकंद असतील तर त्या फार दूरच्या वादळातून आलेल्या आहेत. भारताच्या दक्षिणेला हजारो किलोमीटरवर वादळ होतं आणि त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येतात. इथे आभाळ निरभ्र असतं, वारा नसतो. दुरून अशी लाट बुटकी आणि सुस्त दिसते, पण तिच्या पोटात पाणी फार असतं. ती उभ्या माणसाचे पाय काढते.

हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था अशा लाटांचा अंदाज काढते आणि उंच लाटांचे इशारे देते. ते बातम्यांत येतात. निघण्याच्या आदल्या दिवशी मोबाइलवर कुणीतरी एकानं ते पाहावं.

चौथा हिशोब खडकाचा

कोकणचा किनारा सरळ वाळूचा नाही. मध्येमध्ये काळ्या पाषाणाची आणि जांभ्याची टोकं समुद्रात घुसलेली आहेत, त्यांच्यामध्ये वाळूचे अर्धगोल किनारे आहेत. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत वारा बराचसा वायव्येकडून येतो. म्हणून खडकाच्या टोकाच्या दक्षिणेला, त्याच्या आडोशाला पाणी अनेकदा संथ मिळतं, आणि उघड्या तोंडाच्या बाजूला लाटा फुटत असतात. दोन्ही जागा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर असतात. पण आडोसा मिळाला म्हणून खडकाला चिकटून पोहायचं नाही. लाट माणसाला खडकावर आपटते आणि खडकावरची कालवं अंग ब्लेडसारखं कापतात.

खडकावर चढण्याआधी त्याचा रंग पाहा. जिथपर्यंत खडक ओला आहे, तिथपर्यंत लाट येऊन गेली आहे. जिथे हिरवं शेवाळ आहे तिथे ती रोज येते. कोरड्या खडकाच्याही मागेच उभं राहायचं. पाण्याकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. जुलै २०२३ मध्ये मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडला खडकावर फोटोसाठी बसलेल्या जोडप्यावर लाट आली आणि बाई वाहून गेली.

हरिहरेश्वरला मंदिरामागे समुद्राच्या कडेनं खडकातून जाणारी वाट आहे. लाटांनी आणि वाऱ्यानं कोरलेले तिथले खडक पाहायला सगळेच जातात. ती वाट फक्त ओहोटीत मोकळी असते. भरती सुरू झाली की पाणी मागून येतं आणि परतीचा रस्ता बंद होतो. तिथे जायचं तर ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी जायचं आणि पाणी चढू लागण्याआधी परत यायचं. तिथल्या लोकांनी नाही म्हटलं तर वाद घालायचा नाही.

खाडीच्या तोंडाशी तर अजिबात उतरायचं नाही. महाडवरून वाहणारी सावित्री हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामध्ये समुद्राला मिळते. ओहोटीला नदीचं आणि खाडीचं सगळं पाणी त्या तोंडातून बाहेर धावतं. वरून ते तलावासारखं संथ दिसतं.

सगळ्यात शांत दिसणारी जागा

हा परिच्छेद घरातल्या प्रत्येक पोराला वाचून दाखवा.

लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. वाळूत जिथे खोलगट भाग असेल तिथून, किंवा खडकाच्या आणि धक्क्याच्या कडेनं ते एका पट्ट्यात जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाट फुटत नाही. डावीकडे पांढरा फेस, उजवीकडे पांढरा फेस आणि मध्ये गडद रंगाचं गुळगुळीत पाणी. ज्याला समुद्र माहीत नाही तो नेमका तिथेच उतरतो, कारण ती जागा त्याला सर्वांत शांत वाटते. तोच परतीचा प्रवाह. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्या विरुद्ध जाता येत नाही.

त्यात सापडलो तर काय करायचं? हा प्रवाह पाण्याखाली ओढत नाही, फक्त आत नेतो, आणि थोड्या अंतरावर त्याचा जोर संपतो. माणूस मरतो तो किनाऱ्याकडे तोंड करून झुंजताना दमल्यामुळे. म्हणून झुंजायचं नाही. पाठीवर तरंगायचं, तोंड वर ठेवायचं, एक हात उंच करून हाक मारायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं आणि जिथे लाटा फुटताहेत तिथून बाहेर यायचं. पोहता येत नसेल तर गुडघ्याच्या वर पाण्यात जायचंच नाही. कमरेएवढ्या पाण्यात लाट आली की हाताला हात धरलेल्या पाचही बाया एकदम पडतात.

कुणी उतरू नये

रात्रभर बसमध्ये जागून आलेलं, पाणी न प्यायलेलं शरीर पोहायला तयार नसतं. आधी विश्रांती, पाणी, थोडं खाणं.

ज्यांना मिरगी येते त्यांनी समुद्रात जाऊ नये, गोळ्या चालू असल्या तरी. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. मधुमेहाच्या रुग्णांनी अनवाणी खडकावर चालू नये. पायाला कालवं लागली तर गोड्या पाण्यानं आणि साबणानं जखम धुवावी, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं आहे का ते विचारावं.

सिकलसेल आपल्या कितीतरी घरांत आहे. एसएस रुग्णांना पाणी कमी पडणं, अंग गारठणं आणि दमणं, या तिन्हींनी वेदनेचा झटका येऊ शकतो. समुद्रात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. ओल्या अंगावर वारा लागला की शरीर झपाट्यानं थंड होतं. अशा लेकरांना किनाऱ्यावर पाय भिजवू द्या, मन मारू नका. पण भरपूर पाणी पाजा, लगेच अंग पुसून कोरडे कपडे घाला, गोळ्या आणि कार्ड सोबत ठेवा.

आणि दारू. पाचवं शील आपण रोज म्हणतो. सहलीत काही जण ते बसमध्ये ठेवून उतरतात. दारूनं अंतराचा अंदाज जातो, भीती जाते आणि शरीराची उष्णताही जाते. ज्यानं घेतली असेल त्याला पाण्यापासून दूर बसवणं ही सोबत्यांची जबाबदारी आहे.

साडी, जीन्स आणि ओढणी भिजली की जड होते आणि पायात अडकते. बायांनी पंजाबी ड्रेसवर, ओढणी काढून जावं. कुणी काय म्हणेल याची काळजी किनाऱ्यावर करू नये.

कुणी बुडत असेल तर

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. तोंड पाण्यात जात-येत असतं, श्वास घ्यायलाच वेळ नसतो, आवाज कुठून काढणार? नजर शून्यात, हात आजूबाजूला पाणी दाबताहेत, पुढे सरकत नाही. हे दिसलं की समजायचं.

त्याच्यामागे उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो. दोर फेका, साडी फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेका. आरडाओरड करून मच्छीमारांना आणि जीवरक्षकांना बोलवा. १०८ किंवा ११२ ला फोन करा. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.

बाहेर काढल्यावर श्वास चालू आहे का ते दहा सेकंदांत पाहा. आम्ही वॉर्डात पुन्हा पुन्हा पाहिलं की लोकांनी पोराला उलटं टांगलेलं असे, पोटावर दाब दिलेला असे, पाठीवर घेऊन पळवलेलं असे. त्यात जी मिनिटं जात तीच त्याच्या मेंदूची मिनिटं होती. पोटातलं पाणी काढल्यानं माणूस जगत नाही. त्याला हवा लागते.

श्वास नसेल तर सपाट जागेवर उताणं झोपवा. डोकं मागे, हनुवटी वर. नाक दाबून तोंडानं पाच श्वास द्या, छाती उचलली जाते का पाहा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी ३० वेळा दाबा, सुमारे दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीनं. मग २ श्वास. पुन्हा ३० दाब. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही, दमल्यावर माणूस बदलायचा. तोंडातून फेस येईल, तो पुसत बसू नका. उलटी झाली तर एका कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवा.

शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी दवाखान्यात न्या. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. खोकला, धाप, झोपाळलेपण दिसलं तर अजिबात वेळ घालवू नका. मृत शरीर मिठात पुरून ठेवलं की जिवंत होतं, असे संदेश मोबाइलवर फिरतात. ते खोटं आहे.

६ डिसेंबरला

चैत्यभूमीच्या मागेच समुद्र आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी याच दादर चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. महापरिनिर्वाण दिनाला लाखोंच्या गर्दीत आपण तिथे जातो. ती जागा पोहण्याची नाही. शहराचं सांडपाणी त्या समुद्रात जातं, आणि गर्दीत हरवलेलं लेकरू पाण्याकडे गेलं तर शोधणं कठीण होतं. लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन क्रमांकाची चिठ्ठी ठेवा, समुद्र लांबून दाखवा.

विहारात एक तास

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर लिहिलं. तरी तळ्याचं पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि कोर्टातला निकाल लागायला १७ मार्च १९३७. कागदावरचा हक्क आणि हातात आलेला हक्क यांत किती अंतर असतं, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. पोहण्याचंही तसंच आहे. तरणतलावाच्या फाटकावर आज कुणी जात विचारत नाही. पण फी, वेळ, अंतर आणि बायांसाठी वेगळी बॅच नसणं, यामुळे आपली लेकरं आणि विशेषतः मुली फाटकाबाहेरच राहतात. वस्तीच्या जवळ, परवडेल अशा फीत, मुलींच्या वेळेसह पोहण्याचं शिक्षण मिळावं, ही मागणी नगरसेवकांपुढे आणि महापालिकेपुढे आपण लावून धरली पाहिजे. पोहणं नंतर, आधी पाठीवर तरंगणं शिकवलं तरी खूप आहे.

तोवर प्रत्येक विहार समितीनं बस निघण्याच्या आधीच्या रविवारी, वंदनेनंतर एक तास ठेवावा. कॅलेंडर काढून तिथी पाहावी, भरतीची वेळ काढावी आणि ती बसमध्ये सर्वांना दिसेल अशी लिहून लावावी. छाती दाबण्याचा सराव उशीवर करून घ्यावा. सामानात पन्नास फूट दोर, दोन रिकामे कॅन आणि एक शिट्टी ठेवावी. किनाऱ्यावर दोन माणसं राखणीला नेमावी, त्यांनी पाण्यात जायचं नाही आणि मोबाइलही पाहायचा नाही. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी वाजवून मुलं मोजावी.

आणि पोचल्यावर सर्वांत आधी किनाऱ्यावर जाळी विणत बसलेल्या मच्छीमाराला विचारावं, "दादा, आज पाणी कसं आहे?" कोळी असो, खारवी असो की दालदी, त्याच्याकडे पिढ्यांची विद्या आहे. तो "आज नको" म्हणाला तर आपले चारही हिशोब बाजूला ठेवायचे, मुलांना वाळूत खेळू द्यायचं आणि डबे उघडायचे.

जयभीम.